नऊ महिन्यांची हवा



खेड्यातल्या आरोग्य केंद्राची बाळंतपणाची नोंदवही मिळाली तर वजनाच्या रकान्यावरून एकदा बोट फिरवून बघा. 2.5, 2.5, 2.6, 2.5, 3.0, पुन्हा 2.5. इतकी बाळं नेमकी अडीच किलोची जन्मत नसतात. काटा 2.4 आणि 2.5च्या मध्ये थरथरत असतो, बाळ पाय झाडत असतं, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असते आणि सिस्टर अडीच लिहून मोकळी होते. यात लबाडी थोडी आणि माया जास्त. 2.4 लिहिलं की बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं, आशाताईंच्या घरफेऱ्या वाढतात, आणि बाळंतिणीला घरातून ऐकावं लागतं, ‘नऊ महिने नीट खाल्लं असतं तर?’

आज मला बोलायचं आहे ते वीस, तीस, साठ ग्रॅमबद्दल. म्हणजे ज्या फरकाला आपला काटा आणि आपली माया दोन्ही सहज गिळून टाकतात, त्याबद्दल. विषय गरोदर बाईच्या श्वासातल्या धुराचा आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, हवेचा शास्त्रज्ञ नाही. पण बाळ माझ्या हातात येतं तेव्हा ते नऊ महिने कुठल्या हवेवर वाढलं हे मला कुणी सांगत नाही. आईचं हिमोग्लोबिन कार्डावर असतं, उंची असते, धनुर्वाताच्या सुया असतात. चुलीचा रकाना नसतो.

वजनाचं मूळ आधी नीट लक्षात घेऊ, नाहीतर सगळं खापर धुरावर फोडायचा मोह होईल. आपल्या नगर जिल्ह्याशेजारच्या पुणे जिल्ह्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. तो अजून चालू आहे आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आयांचं वजन गरोदरपणाआधी 42 किलोच्या आसपास. या अभ्यासातून दोन गोष्टी निघाल्या, त्या नगरच्या माणसाला कुणी वेगळ्या समजावून सांगायला नकोत. हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं ज्यांच्या पोटात वरचेवर गेली, त्यांची बाळं जास्त भरली. आणि ज्यांनी पाणी वाहणं, शेतातली कामं अशी कष्टाची कामं जास्त केली, त्यांची बाळं लहान निघाली.

तेव्हा आईची उंची, तिचं वय, रक्त, जेवण आणि कष्ट हे मोठे हिशेब आहेत. त्यात मशेरी धरा. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी होती. मशेरी लावणारी बाई विडी ओढत नाही, म्हणून तिला तंबाखूचं व्यसन आहे असं घरात कुणाला वाटतही नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजताना तिच्या नाकात जाणारा धूर तर कुणीच मोजलेला नसतो. शिवाय तो तवा ज्या चुलीवर असतो, ती चूल आहेच.

आता चुलीकडे येतो. आपल्याकडे सरपण गावागणिक बदलतं. शेवगाव-पाथर्डीकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या, बागायती पट्ट्यात उसाचं पाचट आणि बाभूळ, अकोले तालुक्याच्या डोंगरात जंगलातलं लाकूड, आणि गोवऱ्या सगळीकडे. अकोल्यात भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद करून ओलं लाकूड पेटवावं लागतं; तिथं फुंकणी हातात घेतलेल्या बाईचे डोळे बघितले की मोजमाप करायची गरज उरत नाही. तरी मोजमाप झालं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून धूर मोजला. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे शहर आणि कारखाना असंच जग मानत होतं. सगळ्यात वाईट हवा खेड्यातल्या स्वयंपाकघरात सापडली.

धुराचा बाळाशी संबंध कसा येतो? दोन वाटा बऱ्यापैकी कळल्या आहेत. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साईड निघतो आणि तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आईचं हिमोग्लोबिन आधीच नऊ-दहा असेल तर बाळाकडे जाणारा प्राणवायू आणखी घटतो. दुसरी वाट सूक्ष्म कणांची. अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे पीएम 2.5. हे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथं सूज आणतात, रक्तवाहिन्यांवर परिणाम करतात आणि वारेकडे जाणारा रक्ताचा पुरवठा बिघडतो. वार हा गाळणीचा पडदा आहे, बाळापर्यंत घाण पोचत नाही, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. 2019 मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळंतपणानंतरच्या वारा तपासल्या, तर बाळाच्या बाजूलाही काजळीचे कण दिसले. 2022 मध्ये त्यांनी आणि स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या गटाने ते कण गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही दाखवले. ज्याने अजून पहिला श्वास घेतलेला नाही, त्याच्या फुप्फुसात काजळी. भाषणात असं वाक्य टाळ्या घेतं, म्हणून मी ते जपून वापरतो; कारण कण तिथं आहेत म्हणून वजन नेमकं किती घटलं, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही.

ते ठरवायला वजनं आणि हवा दोन्ही मोजावी लागतात. ग्वाटेमालाच्या खेड्यांतून 2002 साली निष्कर्ष आला: लाकडावर स्वयंपाक करणाऱ्या आयांची बाळं गॅस किंवा वीज वापरणाऱ्यांच्या बाळांपेक्षा 63 ग्रॅमनी हलकी. पण मग कुणीही शहाणा माणूस विचारेल, लाकूड वापरणारी घरं गरीबही असतात ना? हलकेपणा धुराचा की गरिबीचा? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचं तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. निम्म्या घरांना गॅस द्यायचा, निम्म्यांना नाही, आणि कुणाला मिळेल ते नशिबावर सोडायचं.

तसा मोठा प्रयोग झाला. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथं मिळून 3200 गरोदर बायका. भारतातली बाजू चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेतल्या डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्या गटाने सांभाळली. याच गटाने आधी तमिळनाडूत बाराशेहून अधिक मातांच्या अभ्यासात दाखवलं होतं की हवेतले सूक्ष्म कण घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमनी वाढले की बाळाचं वजन 4 ग्रॅमनी उतरतं. चार देशांतल्या प्रयोगात निम्म्या बायकांना शेगडी फुकट, सिलिंडर फुकट, घरपोच. बायकांनी गॅस मनापासून वापरला. त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण घनमीटरला 24 मायक्रोग्रॅमवर आले. चुलीवाल्या बायकांचे 71च्या आसपास राहिले. इतकी मोठी घट आधीच्या प्रयोगांत क्वचितच साधली होती. सगळ्यांचे डोळे वजनाकडे लागले होते. 2022च्या ऑक्टोबरात निकाल आला: गॅसवाल्यांची बाळं सरासरी 2921 ग्रॅम, चुलीवाल्यांची 2898. हिशेबाने फरक जवळपास 20 ग्रॅम, आणि तोही इतका डळमळीत की योगायोग म्हणून सोडून द्यावा लागेल.

हा निकाल वाचून माझ्या ओळखीतले काही डॉक्टर म्हणाले, चला, चुलीला क्लीन चिट मिळाली. मला तसं मुळीच वाटत नाही. ही क्लीन चिट नव्हे; माझ्या अंदाजाने त्यात वेळेचाही प्रश्न असावा, तरी प्रयोगातून तो सिद्ध झालेला नाही. त्या बायका प्रयोगात आल्या तेव्हा त्यांना नऊ ते वीस आठवडे झाले होते. त्यानंतर घरी शेगडी लागली. वार घडते ती पहिल्या काही महिन्यांत. रक्तवाहिन्या त्याच काळात रुजतात. म्हणजे पाया चुलीच्या धुरात घातला गेला आणि भिंती उभ्या राहिल्यावर आपण खिडकी उघडली. शिवाय गॅसवाल्या घरांत उरलेले 24 मायक्रोग्रॅमही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्षाच्या 5 या मर्यादेच्या जवळपास पाचपट आहेत. हे कण बहुतेक त्यांच्या शेगडीतले नसावेत. शेजारच्या चुलीतून, रस्त्यावरून, शेतातून येत असावेत. त्याच प्रयोगातल्या बायकांच्या प्रत्यक्ष श्वासाचा हिशेब पुढे मांडला, तेव्हा धूर जास्त तिथं बाळ हलकं हा कल दिसलाच, पंधरा-वीस ग्रॅमच्या घरातला.

आता बीजिंग बघा. 2008च्या ऑलिंपिकसाठी चिनी सरकारने कारखाने बंद ठेवले, गाड्या कमी केल्या आणि काही आठवडे शहराची हवा बदलली. ज्या बायकांचा आठवा महिना त्या आठवड्यांत आला, त्यांची बाळं 2007 आणि 2009 मधल्या त्याच दिवसांतल्या बाळांपेक्षा सरासरी 23 ग्रॅमनी भारी भरली. तिथं कुणा एका बाईच्या घरी शेगडी बसवली नव्हती. हवा सगळ्यांची बदलली होती, आणि आठव्या महिन्यात बदलूनही फरक दिसला.

तेवीस ग्रॅम म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. एका बाळाला काहीच नाही. एकदा दूध पाजलं की त्याहून जास्त वजन भरतं. पण वैद्यक एका बाळाचं असतं आणि सार्वजनिक आरोग्य हजारांचं. सरासरी 2.7 किलो असलेल्या गावांत वजनांचा नेहमीचा पसारा धरून मी गणित मांडलं. प्रत्येक बाळाचं वजन 20 ग्रॅमनी वाढलं, तर हजारी सतरा-अठरा बाळं अडीच किलोच्या रेषेपलीकडे जातात. त्यातल्या एकाही आईला ते कळणार नाही, कुणी पेढे वाटणार नाही. आणि उलट बाजूने, ज्या सतरा-अठरा आयांना ‘नीट खाल्लं नाहीस’ म्हणून बोलणी बसली, त्यांनाही कधी कळणार नाही की त्या ग्रॅमांतले काही गावाच्या हवेने नेले. मला खटकतं ते इथं. बाळाचं वजन आपण आईच्या नावावर मांडतो. हवा मात्र ती एकटीची नसते.

वजनाच्याही पुढचं आहे. आपल्या नागपूर आणि बेळगाव भागातल्या खेड्यांसह पाच देशांत झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, नागपूरच्या डॉ. अर्चना पटेल यांच्या पुढाकाराने. धुराचं इंधन वापरणाऱ्या घरांत जन्माच्या आगेमागे बाळ दगावण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून ग्रॅम ही मला फक्त खूण वाटते.

मग आपल्या जिल्ह्यात ही हवा कुठून येते? शहराबद्दल फार बोलत नाही. नगर-मनमाड रस्त्याच्या धुळीबद्दल मी नगरकरांना काय सांगणार! एवढंच सांगतो की डोळ्यांना दिसणारी ती जाड धूळ त्रासदायक असली तरी बरीचशी नाकात अडकते; खोल जातो तो बारीक धूर, डिझेलचा आणि जाळाचा. केंद्राच्या 2019च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातली सव्वाशेहून जास्त शहरं आहेत, त्यात महाराष्ट्रातली एकोणीस. नगर त्यात नाही. आपल्या खेड्यांचा तर प्रश्नच नाही, कारण तो कार्यक्रमच शहरांचा. महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा आपला आणि त्यातल्या गावांत हवा मोजायला कुणी जात नाही.

खेड्यातली चूल गेली, असं आता सर्रास म्हणतात. 2016 मध्ये उज्ज्वला आली आणि गॅस गावागावांत पोचला, हे मोठं काम झालं. देशात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला 44 टक्के होती, 2019-21 ला 59 टक्के झाली. पण गॅस आला म्हणून चूल विझत नाही, ती ओट्यावरून मागच्या दारी जाते. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर. आणि आंघोळीचं पाणी? ते बंबात. सकाळी सहा वाजता गावातून चक्कर मारा. घरोघरी बंब धुमसत असतात, त्यात गोवरी, मक्याची बुरकुंडं, जुनी चप्पल, प्लॅस्टिकची पिशवी, जे मिळेल ते. थंडीत हा धूर वर जात नाही, गावावर पसरून राहतो. गॅसवर चहा करणारी गरोदर सून शेजारच्या बंबाचा धूर घेते. इंधन बदलण्याच्या योजनांत बंबाचं नाव क्वचितच येतं. सौर बंब परवडला तर उत्तम. नाही परवडला तरी निदान प्लॅस्टिक जाळायचं नाही, एवढं ग्रामपंचायत ठरवू शकते. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने कुऱ्हाडबंदी पाळून दाखवली, त्यापुढे हे काही अवघड नाही.

एक जाता जाता. हमरस्त्यावर ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी लावलेली हॉटेलं वाढली आहेत. चुलीची चव आम्हाला, धूर तिथं भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना. आणि बाळंतपणानंतरही आपण थांबत नाही. शेक-शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, दार बंद, आणि डास चावू नये म्हणून खोलीत कॉइल. चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासलेल्या एका मोजणीत एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. बाळाला मच्छरदाणी लावा, मी सगळ्यांना हेच सांगतो.

आता ऊस. त्याच्याशिवाय नगरचं कुठलंच बोलणं पुरं होत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला आणि या जिल्ह्याचं नशीब पालटलं, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. कारखान्याच्या धुराड्याला निदान नियम आहेत, तपासणी आहे, राख पडली की गावकरी मोर्चा काढतात. पाचटाला तसं काही दिसत नाही. तोडणी झाली की हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात उरतं आणि संध्याकाळी काडी लागते. दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या कपड्यांवर काळ्या कुरळ्या काड्या असतात, त्यावरून रात्री कुणाचं शेत पेटलं ते बायका ओळखतात. काही ठिकाणी तोडायला सोपं जावं म्हणून उभा ऊसही पेटवतात. अशा जळीत उसाला कारखाना कपात लावतो, पण ती साखरेच्या उताऱ्यासाठी, कुणाच्या फुप्फुसासाठी नव्हे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतंय की पाचट खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवा, पाणी वाचतं, जमीन सुधारते. विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. जिथं शेतकऱ्यांनी ऐकलं तिथं फायदा पाण्याच्या पाळीत दिसला. ऐकलं नाही त्यांचंही कारण आहे: कुट्टी करायला यंत्र लागतं, मजूर लागतो, आणि काडेपेटी चिल्लरीत मिळते. हा फरक कारखान्याने उचलावा असं माझं मत आहे. ऊस त्याला हवा आहे.

आणि तो ऊस तोडणारी बाई. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, आणि पलीकडे बीड. दिवाळीनंतर टोळ्या निघतात. कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, म्हणून लग्नंही लवकर उरकली जातात. पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोपीत, तीन दगडांवर, पहाटे साडेतीन-चारला भाकरी. मग फडात वाकून तोडणी, डोक्यावर मोळी. संध्याकाळी पुन्हा तेच तीन दगड आणि आजूबाजूच्या पन्नास कोपींचा धूर. वजन कमी करणारी जी कारणं आतापर्यंत सांगितली, ती सगळी या एका मुलीत एकवटलेली असतात: कोवळं वय, कमी वजन, पराकोटीचे कष्ट, वर मशेरी, वर धूर. तिचं नाव गावच्या नोंदवहीत असतं आणि ती असते शंभर-दोनशे किलोमीटरवर. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा नियम. हंगामाच्या सुरुवातीला दिवस गेले, तर तोवर हंगामाचा निम्मा काळ गेलेला असतो.

इथं मला चार देशांतल्या त्या प्रयोगाचा निकाल पुन्हा आठवतो. दिवस गेल्यावर गॅस देणं कदाचित उशिराचं ठरत असावं. म्हणून ‘गरोदर मातांसाठी गॅस’ अशी योजना कुणी आणली तर मी तिचं स्वागत करीन, पण ती पुरेशी आहे असं म्हणणार नाही. गॅस कोयत्याला द्या, गरोदर असो वा नसो. मुकादमाकडे प्रत्येक कोयत्याची यादी असते, कारखान्याच्या शेतकी खात्याकडे टोळीचा ठावठिकाणा असतो. उचल पोचते तशी पाच किलोची टाकीही पोचू शकते. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ केलं आहे. त्याच्या खर्चात हे बसायला हरकत नसावी.

आणि ही हवा मोजायची कुणी? जामखेडला 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केलं, तेव्हा खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांच्या हातात त्यांनी बाळंतपण आणि बाळाचं वजन सोपवलं. शिकलेल्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार आला, जगभरातून लोक ते काम बघायला जामखेडला येऊ लागले. आज हवेतले सूक्ष्म कण मोजणारी छोटी यंत्रं काही हजारांत मिळतात. ती सरकारी केंद्राइतकी अचूक नसतात, पण पहाटेचा बंब आणि दुपारची हवा यांतला फरक ती नक्की दाखवतात. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार गावांत, एखाद्या कारखान्याच्या टोळीत, आशाताईंच्या हाती एक गळीत हंगाम अशी यंत्रं द्यावीत, जोडीला दहा ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा द्यावा आणि 2.43 असेल तर 2.43 लिहिण्याची मुभा द्यावी. माता-बाल कार्डावर एक रकाना वाढवावा: घरात स्वयंपाक कशावर, पाणी कशावर तापतं. लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. ही नोंद वाचायला माणसं बाहेरून आणावी लागणार नाहीत.

वेळ संपत आला आहे. समोर बऱ्याच आशाताई आणि अंगणवाडीताई बसलेल्या दिसतात, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांना देऊ.